सुप्याच्या चौकातल्या पाटीवर 'दंगा' लिहू नका



आज पिकाची नोंद नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांची आहे, आणि थोडी भांडणाची आहे. मार्चअखेर जवळ आलाय, गावोगाव नवं-जुनं करायची धावपळ चालू आहे, म्हणून हा विषय आत्ताच काढतो.

आपल्याकडे कुठल्याही रस्त्याने जा आणि इतिहासाच्या पाट्या वाचत जा. अमुक किल्ला इतके किलोमीटर. इथे तमुक सरदारांची समाधी. या वाड्यात महाराजांचा मुक्काम होता. या माळावर लढाई झाली. याला माझी अजिबात हरकत नाही, ते आपलंच आहे. पण त्या लढाईतल्या घोड्यांची चंदी कुणाच्या रानातून आली, सारा कुणी भरला, दुष्काळात कोण गाव सोडून गेलं आणि परत येऊन कुणी पुन्हा नांगर धरला, याची पाटी शोधून दाखवा. पाट्या वाचून एखाद्याला वाटेल की या मुलखात फक्त राजे राहत होते आणि भाकरी आभाळातून पडत होती.

पूर्वी गावं अशी नव्हती. शिवेवर किंवा देवळाशेजारी वीरगळ उभे असतात, ते जाऊन नीट बघा. खालच्या चौकटीत पडलेला माणूस, वर लढाई, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपिंडीची पूजा आणि चंद्र-सूर्य. कित्येक वीरगळांवर गाई कोरलेल्या दिसतात. म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो माणूस पडला. बहुतेकांवर नाव नाही. राजा नाही, सरदार नाही. गावाच्या गोधनासाठी गेला एवढ्यावर गावाने दगड घडवून उभा केला. रस्त्याकडेची पाटी म्हणतात ती हीच. आज त्यातले कित्येक दगड रस्ता रुंदीकरणाच्या भरावात नाहीतर कुणाच्या तरी बांधात गेलेत, आणि त्यांच्या जागी वाढदिवसाचे फ्लेक्स आलेत.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा सुप्याचा आहे.

मोरगावहून चौफुल्याकडे जाताना सुपे लागतं. अष्टविनायकाच्या गाड्या मोरगाव करून सिद्धटेककडे निघाल्या की याच वाटेने जातात. सुपे म्हटलं की लोकांना शहाजीराजांची जहागीर आठवते, ते बरोबरच आहे. पण याच गावात 12 मे 1875 रोजी, बुधवारी, जे घडलं त्यामुळे सरकारला चौकशी आयोग बसवावा लागला, त्याचा अहवाल 1878 मध्ये थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं कर्ज, सावकारी आणि सातबारा यांवर जे काही बोललं गेलं, त्याची सुरुवात सुप्याच्या बाजारपेठेत आहे. 2025 च्या मे महिन्यात त्याला दीडशे वर्षं झाली.

आज हे कुणाला माहीत आहे? स्पर्धा परीक्षेच्या पोरांना. 'दख्खनचे दंगे कुठे सुरू झाले?' उत्तर सुपे, एक गुण. पोरगं ते पाठ करतं, पेपर देतं आणि विसरतं. त्याच्या बापाच्या नावावर सोसायटीचं कर्ज असतं, आणि हा एक गुण आणि ते कर्ज यांचा काही संबंध आहे हे ना पोराला कुणी सांगितलेलं असतं, ना बापाला.

तो संबंध मी माझ्या परीने सांगतो.

इंग्रजांनी 1830 च्या दशकात इंदापूर भागातून नवी जमाबंदी सुरू केली. ती तीस वर्षांसाठी होती. 1860 नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि एकदम आपल्याकडच्या कापसाला भाव आला. व्यापाऱ्याने सावकाराला पैसा दिला, सावकाराने रयतेला दिला. कापूस लावतो म्हटलं की उचल मिळायची. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला, उचल बंद झाली आणि जुनी वसुली सुरू झाली. नेमकं त्याच वेळी, 1867 पासून, तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत फेरजमाबंदी झाली आणि सारा 50 ते 100 टक्क्यांनी वाढला. भाव पडलेला, सारा वाढलेला, आणि सारा रोखीत आणि वेळेवरच भरायचा. मग शेतकरी जाणार कुठे? सावकाराच्याच दारात.

आता कायद्याची गंमत बघा. 1859 मध्ये सरकारने कायदा केला की कर्जरोखा तीन वर्षंच चालेल. हेतू चांगला होता, व्याज साठत जाऊ नये. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल धरायचं. म्हणजे आपण आज ज्याला नवं-जुनं म्हणतो तेच.

हिशेब मांडून बघा. 100 रुपये घेतले, महिना शेकडा दोन रुपये व्याज, आणि मधे काहीच फेडता आलं नाही असं धरा. तीन वर्षांचं व्याज 72. नवा रोखा 172 चा. आणखी तीन वर्षांनी सुमारे 296 चा. नऊ वर्षं झाली की सुमारे 509. सरळ व्याजाने नऊ वर्षांत 316 झाले असते. आणि जुन्या दामदुपटीच्या रिवाजाने, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये या रिवाजाने, 200 च्या पुढे मागताच आलं नसतं. कागद बदलला आणि कर्ज पाचपट झालं. हा तर मी सौम्य दर धरला. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून जास्त व्याज लावलेलं होतं. भरलेल्या पैशांची पावती नाही. रोख्यात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नाही. पण कोर्टात तो रोखा म्हणजे ब्रह्मवाक्य.

पहिली ठिणगी सुप्याला पडली नाही. ती डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात पडली. दीडशे रुपयांच्या कर्जापायी सावकाराने गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गावाने दगड उचलला नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानात कुणी माल घेईना, त्यांची जमीन कुणी कसेना. न्हावी, परीट, सुतार, चांभार, कुणीच बलुतेदार त्यांच्या कामाला जाईना. हा बहिष्कार गावोगाव पसरला. 'असहकार' हा शब्द देशभर ऐकू यायच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी आपल्या जिरायती पट्ट्यातली माणसं तो करून मोकळी झाली होती. करड्यालाही पाटी हवी.

बहिष्काराने भागलं नाही, मग सुपे झालं. आजूबाजूच्या गावांतून रयत जमली, सावकारांच्या दुकानांवर गेली आणि तिने एकच मागितलं, वह्या आणि रोखे द्या. मिळाले ते जाळले. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. बहुतेक ठिकाणी पद्धत तीच होती. रोखे हातात आले की माणसं घरी जात. सावकारांच्या जिवावर उठलेली माणसं ही नव्हती. शेकडो जणांना अटक झाली.

या सगळ्याला इंग्रजांनी नाव दिलं 'डेक्कन रायट्स', आणि आपण ते जसंच्या तसं 'दख्खनचे दंगे' करून पुस्तकात घातलं. माझं पहिलं भांडण या शब्दाशी आहे. दंगा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायला नको. जी माणसं आधी काही महिने बहिष्कार पाळतात आणि नंतर नेमका कागद शोधून जाळतात, ती दंगेखोर कशी? त्यांना पक्कं ठाऊक होतं की आपल्या गळ्यातला फास माणूस नाही, रोखा आहे. याला उठाव म्हणतात. पाटी लागेल तेव्हा त्यावर 'शेतकऱ्यांचा उठाव' असंच लिहिलं पाहिजे.

आता समोरून जे बोललं जातं त्याला उत्तर देतो.

एक म्हणणं असं की, सुप्यात लूटही झाली, घरंही पेटली, त्याची कसली पाटी लावता? हो, झालं तसं. धान्याची दुकानं लुटली गेली, काही सावकारांची घरं जाळली गेली. ते लपवा असं मी म्हणत नाही. पाटीवर तेही लिहा. एवढी हिंमत नसेल तर पाटी लावूच नका. आपलीच आरती ओवाळणाऱ्या पाट्या रस्त्यावर पुष्कळ आहेत, त्यात आणखी एकीची भर नको.

दुसरं म्हणणं जास्त गंभीर आहे. तेव्हाचे बरेच सावकार मारवाडी आणि गुजराती होते, रोख त्यांच्यावर होता, मग पाटी लावून आजच्या काळात एका समाजाकडे बोट दाखवायचं का? अजिबात नाही. उलट पाटी नीट लिहिली नाही तर तसं होण्याचा धोका आहे, म्हणूनच ती नीट लिहायची. सावकाराच्या मागे कोर्ट होतं. कोर्टाच्या मागे सरकार होतं. आणि सरकारला वाढीव सारा पाहिजे होता. आयोगाने काय केलं? सावकारावर ठपका ठेवला आणि सरकारी साऱ्याला या उठावाचं कारण मानायला नकार दिला. मालकाने नेमलेला पंच मालकाविरुद्ध कसा बोलणार? म्हणजे सगळा दोष एका समाजावर ढकलून मोकळं होणं हे सरकारच्या सोयीचं होतं. आपण आज तेच म्हटलं तर आपणही सरकारचीच री ओढली. पाटीवर सारा, भाव आणि कायदा ही तिन्ही कारणं सावकाराच्या बरोबरीने आली पाहिजेत. आणि आज सावकारी कोण करतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ते कुठल्या एका जातीचं काम राहिलेलं नाही, आपलेच भाऊबंद करतात.

तिसरं म्हणणं रोजचं आहे. पाटीने कर्ज फिटतं का? नाही फिटत. पण पाटी नसल्याने काय होतं ते सांगतो, आणि हे खास कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या आणि बँकेतल्या मित्रांसाठी आहे.

शेतकरी मेळावा असो नाहीतर प्रशिक्षण, व्यासपीठावरून कुणीतरी एक वाक्य हमखास टाकतं. शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो. समोरचे शेतकरीही माना डोलावतात. मंडळी, हे वाक्य दीडशे वर्षांपूर्वीही म्हटलं जात होतं, आणि त्याच आयोगाने, जो काही शेतकऱ्याचा कैवारी नव्हता, तपासून सांगितलं होतं की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तितकं महत्त्व दिलं गेलंय. खर्च ऐपतीपेक्षा जास्त असेल, पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि कर्जाचं मूळ सहसा त्यात नसतं. हे सरकारी अहवालात छापलेलं आहे. तरी आपण आजही खाली मान घालून तेच ऐकतो, कारण आपल्याच गावचा निकाल आपल्याला माहीत नाही. ज्याच्याकडे कागद नाही तो वादात हरतो. तेव्हा सावकाराकडे कागद होता आणि आपल्याकडे नव्हता. आज इतिहासाच्या बाबतीत तेच चालू आहे.

लग्नात उधळपट्टी करू नये हे मलाही पटतं. पण ते सांगताना भाव, पाऊस, खताचा दर आणि कर्जाची मुदत यांच्यावर पांघरूण घालू नका एवढंच म्हणणं आहे.

आता 1879 चा कायदा. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात काय मिळालं? कोर्टाने नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, कर्ज मुळात किती होतं इथपर्यंत मागे जाऊन हिशेब काढायचा. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा. सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आज या गोष्टी साध्या वाटतात. त्या कुणी दया येऊन दिल्या नाहीत, सुप्याने मिळवून दिल्या.

पण पुढे काय झालं तेही पाटीवर पाहिजे, कारण ते आजच्या कामाचं आहे. गहाणखतावर कोर्ट मागे जाऊन हिशेब काढतंय म्हटल्यावर सावकारांनी गहाणखत घेणंच कमी केलं. सरळ खरेदीखत लिहून मागायला लागले. तोंडी सांगायचं, पैसे दिलेस की जमीन परत तुझ्या नावावर करीन. कागद विक्रीचा, बोली गहाणाची. ओळखीचं वाटतंय ना? आजही खासगीत पैसे घेताना हेच चालतं. तारण म्हणून खरेदीखत करून देतात, साठेखत करून देतात, कोरे धनादेश सही करून देतात. दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती आहे आणि अजून आपल्याला फसवतेय.

म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवतो. उसने पैसे घेताना तारण म्हणून खरेदीखत कधीही करून देऊ नका. आधीच करून दिलं असेल आणि तो व्यवहार खरोखर सावकारीचा असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारीतून जमीन गेल्याचं सिद्ध झालं तर ती परत देण्याचा आदेश होऊ शकतो. त्याला पंधरा वर्षांची मर्यादा आहे, तेव्हा बसून राहू नका. जे काही लिहिलेलं, दिलेलं, बँकेतून गेलेलं असेल ते सगळं जपून ठेवा. हे सांगायला कुणी वकील लागला नसता, चौकात एक पाटी असती तर आजोबांनी नातवाला वाचून दाखवलं असतं.

तर पाटी कशी हवी? माझा मसुदा देतो. यात सुधारणा करा, पण लांबवू नका.

'12 मे 1875. या बाजारपेठेत आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे आणि वह्या घेऊन जाळल्या. कापसाचा पडलेला भाव, वाढवलेला शेतसारा, चक्रवाढ व्याज आणि रोख्यालाच खरं मानणारी कोर्टं ही त्याची कारणं. काही दुकानं लुटली गेली, काही घरं जळाली. शेकडो शेतकऱ्यांना अटक झाली. या उठावामुळे 1879 चा शेतकरी साहाय्य कायदा झाला. वाचल्याशिवाय सही करू नका, पावतीशिवाय पैसे देऊ नका.'

शेवटचं वाक्य काहींना पाटीवर शोभणार नाही असं वाटेल. मला ते सगळ्यात जास्त शोभेल असं वाटतं.

पाटी दगडात किंवा धातूवर हवी, फ्लेक्सवर नको, दोन उन्हाळ्यांत फाटतो. हायवेच्या अगदी कडेला नको, रुंदीकरण आलं की पहिली तीच उखडेल. गावठाणात, बाजाराच्या जागेत लावा, आणि रस्त्यावर फक्त बाण लावा. अक्षर मोठं हवं, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. आणि उद्घाटन करणाऱ्यांची नावं पाटीच्या मागच्या बाजूला टाका. पुढच्या बाजूला जागा रयतेची आहे.

खर्चाचं कारण सांगू नका. स्वागत कमानीला पैसे मिळतात, हायमास्टला मिळतात, एका पाटीला का नाही मिळणार? 1 मेला ग्रामसभा असते. 12 मे त्यानंतर अकरा दिवसांनी येतो. शिरूर, इंदापूर, पुरंदर, दौंड, बारामती, श्रीगोंदा, पारनेर, कर्जत, या पट्ट्यातल्या गावांनी ग्रामसभेत एकच ठराव मांडायचा. आपल्या गावात 1875 ला काय झालं ते शोधायचं, आणि जे सापडेल त्याची पाटी लावायची. जुनी दप्तरं, जिल्ह्याचं गॅझेटियर, आयोगाचा अहवाल, सगळं बघता येतं. गावातल्या शाळेच्या गुरुजींना आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना या कामाला लावा. त्यांचा एक गुण तरी पक्का होईल.

तोपर्यंत एक काम घरच्या घरी करा. यंदाचं नवं-जुनं करायला जाल तेव्हा सहीच्या आधी मुद्दल किती आणि व्याज किती हे दोन आकडे वेगळे लिहून मागा. देत नसतील तर तिथेच खुर्चीवर बसून राहा.